खाड्याचे पैसे कोण देणार?

गेल्या जानेवारीत मुलाचं नाव इथल्या ज्युनिअर रग्बी लीग क्लबात घातलं. आम्ही पश्चिम सिडनीत, वेंटवर्थव्हिलला राहतो. दोन गल्ल्या सोडल्या की भारतीय किराण्याची दुकानं लागतात, आणि संध्याकाळी मैदानावर लंबगोल चेंडू फेकणारी पोरं दिसतात. अर्ज मोबाइलवरच भरायचा होता. नाव, जन्मतारीख, जर्सीचं माप, आणि मग विम्याबद्दलचा लांबलचक परिच्छेद. बायको म्हणाली, "वाचत काय बसलायस? सगळे खूण करून पुढे जातात." मी मात्र तो दोनदा वाचला. मी परळचा. माझ्या चुलतभावाचा गुडघा कबड्डीत गेला, तेव्हा असा परिच्छेद कुठेच नव्हता.

दादा चढाईचा खेळाडू होता. एका स्पर्धेत पकड झाली, तो खाली आला आणि गुडघ्यात काहीतरी वाजलं. पहिल्या रांगेत बसलेल्या आम्हाला ते ऐकू आलं. आयोजकांनी टॅक्सी करून दिली आणि माइकवरून टाळ्या वाजवायला सांगितल्या. दादा तेव्हा एका छापखान्यात रोजंदारीवर होता. पुढचे अकरा आठवडे खाडा. चाळीतल्या पोरांनी वर्गणी काढली, आणि वेगळं पावतीपुस्तक कुठून आणणार म्हणून गणपतीचंच उरलेलं वापरलं. माझ्या काकूने ती पावती बरीच वर्षं जपून ठेवली होती: वर गणपतीचं चित्र, खाली दादाचं नाव. त्या स्पर्धेत सर्वोत्कृष्ट खेळाडूला मोटारसायकल होती.

खाडा हा आमच्या गिरणगावातला शब्द. कामावर गेला नाहीस, त्या दिवसाचा पगार नाही. रग्बी लीग नावाचा अख्खा खेळ या एका शब्दावरून जन्माला आला, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं.

उत्तर इंग्लंडमधल्या खाणी-गिरण्यांतले लोक रग्बी खेळायचे. कामाला अर्धी सुट्टी टाकून सामन्याला जावं तर मजुरी कापली जायची. यॉर्कशायरच्या क्लबांनी १८९३ साली रग्बी युनियनच्या, म्हणजे तेव्हा खेळ चालवणाऱ्या संघटनेच्या, लंडनच्या बैठकीत एवढंच मागितलं की बुडालेली मजुरी तरी भरून द्या. पगार द्या, असं कुणीच म्हणत नव्हतं. ठराव २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ ला, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब बाहेर पडले आणि त्यांनी आपली संघटना काढली. सुरुवातीला भरपाई ठरली दिवसाला सहा शिलिंग. नकार देणाऱ्यांचं म्हणणं होतं की खेळ प्रेमासाठी खेळावा. त्यांच्यातले बहुतेक वकील, डॉक्टर, कारखानदार, किंवा वडिलांच्या पैशावर जगणारे. त्यांचा खाडा कधी होतच नव्हता, मग खाड्याचे पैसे मागणारा त्यांना लोभी वाटणारच.

सिडनीत हीच गोष्ट बारा वर्षांनी घडली आणि अधिक उघडपणे घडली. अ‍ॅलेक बर्डन हा इथला नावाजलेला खेळाडू, पेशाने न्हावी. १९०७ साली न्यू साउथ वेल्सकडून खेळताना त्याचा हात जायबंदी झाला. न्हाव्याचा हात गळ्यात बांधलेला म्हणजे दुकानाला कुलूपच. इथल्या रग्बी युनियनने त्याला छदाम दिला नाही. त्याच वर्षीच्या जुलैत न्यूझीलंडचा संघ सिडनी क्रिकेट ग्राउंडवर खेळला, तेव्हा पन्नास हजारांवर माणसं तिकीट काढून आली होती. गल्ला युनियनचा, हात बर्डनचा. खेळ हौशी होता तो फक्त खेळाडूपुरता. तिकीट छापणारा, मैदान भाड्याने देणारा, बिअर विकणारा, बातमी छापणारा, यांतला एकही जण हौशी नव्हता.

आणखी एक योगायोग मला फार बोलका वाटतो. त्याच १९०७ च्या नोव्हेंबरात न्यायमूर्ती हिगिन्स यांनी मेलबर्नजवळच्या कापणीयंत्राच्या कारखान्याबद्दल निकाल दिला, की अकुशल मजुरालासुद्धा बायकामुलांसह माणसासारखं जगता येईल इतकी, म्हणजे दिवसाला सात शिलिंग, मजुरी मिळाली पाहिजे. एक देश कारखान्यातल्या माणसाच्या दिवसाची किंमत ठरवत होता, आणि तोच माणूस शनिवारी दुपारी मैदानात उतरला की त्याच्या दिवसाची किंमत शून्य. हा विरोधाभास टिकणार नव्हता.

८ ऑगस्ट १९०७ ला जॉर्ज स्ट्रीटवरच्या बेटमन्स क्रिस्टल हॉटेलात बैठक झाली आणि न्यू साउथ वेल्स रग्बी फुटबॉल लीग स्थापन झाली. अध्यक्ष हॅरी हॉइल, रेल्वे कामगारांचा पुढारी आणि माजी आमदार. सचिव जेम्स गिल्टिनन, धंदेवाईक माणूस. खजिनदार व्हिक्टर ट्रंपर. होय, तोच ट्रंपर, ज्याच्या फलंदाजीच्या कथा आपल्याकडचे जुने क्रिकेटवेडे आजही सांगतात. त्याचं खेळसाहित्याचं दुकान होतं आणि बंडाची खलबतं तिथे चालत. नऊच दिवसांनी सिडनीत, युनियनमधून फुटलेल्या न्यूझीलंडच्या बंडखोर संघाशी, पहिला सामना झाला. गंमत अशी की नव्या खेळाच्या नियमांचं पुस्तक सिडनीत कुणाकडेच नव्हतं. म्हणून बंडखोर जुन्याच नियमांनी खेळले. तरी सुमारे वीस हजार लोक आले. युनियनने सगळ्यांना तहहयात बंदी घातली.

आता १९०८ च्या पहिल्या हंगामाकडे येतो. या हंगामाबद्दल इथे जे कौतुकाने सांगितलं जातं, ते मला अर्धंच पटतं.

पटतं ते असं. जानेवारी ते फेब्रुवारी या जेमतेम सहा आठवड्यांत एकेका वस्तीत सभा झाल्या आणि क्लब उभे राहिले: ग्लीब, न्यूटाउन, साउथ सिडनी, बालमेन, ईस्टर्न सबर्ब्ज, वेस्टर्न सबर्ब्ज, नॉर्थ सिडनी. उत्तरेच्या कोळसाखाणींच्या न्यूकॅसलनेही संघ दिला. ज्या वस्तीत राहतो त्याच वस्तीकडून खेळायचं, हा नियम. बालमेन म्हणजे गोदीवाल्यांची वस्ती, रेडफर्नच्या बाजूला रेल्वेचं वर्कशॉप. ज्याच्याबरोबर सकाळी भोंग्याला कामावर जायचं, त्याच्याच खांद्याला खांदा लावून दुपारी खेळायचं. परळ-लालबागमधल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. आमच्याकडे मंडळाचं नाव जर्सीवर असायचं आणि जर्सी कुणाच्या घरी धुवायची याच्या पाळ्या लागायच्या.

२० एप्रिल १९०८, ईस्टरचा सोमवार. वेंटवर्थ पार्क आणि बर्चग्रोव्ह ओव्हल अशा दोन मैदानांवर प्रत्येकी दोन सामने. बर्चग्रोव्ह मी पाहिलंय. तिन्ही बाजूंनी टेकाड, झाडं आणि मागे बंदराचं पाणी. तिथे बालमेनने वेस्टर्न सबर्ब्जला २४-० असं लोळवलं आणि साउथ सिडनीने नॉर्थ सिडनीला ११-७ ने हरवलं. तिकडे वेंटवर्थ पार्कवर ईस्टर्न सबर्ब्जने न्यूटाउनवर ३२-१६ आणि ग्लीबने न्यूकॅसलवर ८-५ असा विजय मिळवला. बर्डन ग्लीबचा. पंधरांऐवजी तेरा खेळाडू, त्यामुळे मैदान मोकळं आणि पळापळ जास्त. बघायला पैसे देणाऱ्याला आवडेल असा खेळ, आणि यात लाजण्यासारखं काही नाही. ज्याला गेटवरच्या पैशातून जखमी माणसाचं घर चालवायचंय, त्याने बघण्यासारखा खेळ द्यायलाच हवा.

दुसऱ्या फेरीपासून नववा संघ आला, कंबरलँड. तो आमच्या भागातला. उशिरा आला, हंगामभरात एकच सामना जिंकला, तोही वेस्टर्न सबर्ब्जविरुद्ध, आणि हंगाम संपताच विसर्जित झाला. आमच्याच भागातल्या पॅरामॅटाचा स्वतःचा संघ मोठ्या स्पर्धेत यायला मग १९४७ उजाडलं. इथल्या जुन्या लोकांना विचारलं तर कंबरलँड फारसं कुणाला आठवत नाही. मला मात्र त्या संघाबद्दल माया वाटते. जिंकणाऱ्याची पाटी लागते. पण दर शनिवारी हरायला जाणाऱ्या त्या तेरा जणांचाही रोज तेवढाच बुडत होता, आणि लीगचं तत्त्व खरं असेल तर ते त्यांच्यासाठी आधी हवं होतं.

याच हंगामाच्या मध्यावर एक मृत्यू झाला. बंडखोर न्यूझीलंड संघाची कल्पना काढणारा अ‍ॅल्बर्ट बास्करव्हिल, टपाल खात्यातला कारकून, इंग्लंड गाजवून परत येताना ब्रिस्बेनमध्ये न्यूमोनियाने गेला. २० मे १९०८. वय पंचवीस. त्याच्या सहकाऱ्यांनी जूनमध्ये वेलिंग्टनला सामना ठेवला आणि जमलेले पैसे त्याच्या विधवा आईला दिले. न्यूझीलंडच्या भूमीवर नव्या खेळाचा झालेला तो पहिलाच सामना. म्हणजे तिथेही सुरुवात वर्गणीनेच झाली. गणपतीच्या पावतीपुस्तकाची लाज मला हे कळल्यापासून कमी वाटते.

आता न पटणारी बाजू. बंडखोरांनी युनियनला प्रश्न विचारला होता: गल्ला कुठे जातो? वर्ष-दीड वर्षात तोच प्रश्न त्यांना विचारला गेला आणि त्यांनाही नीट उत्तर देता आलं नाही. हंगाम चालू असतानाच गिल्टिननने इंग्लंडच्या दौऱ्याचा घाट घातला. ऑगस्टमध्ये पहिल्या फळीचे खेळाडू बोटीत बसून गेले, आणि २९ ऑगस्टला अंतिम सामना झाला तो उरलेल्यांमध्ये. साउथ सिडनीने ईस्टर्न सबर्ब्जला १४-१२ असं हरवलं. बघायला सुमारे चार हजार माणसं. वर्षापूर्वी ज्या शहरात पन्नास हजार जमले, त्या शहरातला हा पहिला अजिंक्यपदाचा सामना! क्लबांनी सहा महिने रक्त आटवून उभा केलेला हंगाम दौऱ्याच्या नफ्याच्या आशेवर मधूनच पोखरला गेला. नफाही झाला नाही. इंग्लंडमध्ये थंडी आणि गिरण्यांतला संप, प्रेक्षक आटले, दौरा बुडाला आणि गिल्टिननचं दिवाळं निघालं. तो परत येण्याआधीच, मार्च १९०९ मध्ये, हिशेबाच्या वादातून हॉइल, गिल्टिनन आणि ट्रंपर तिघांनाही पदांवरून दूर केलं गेलं.

पुढे तर आणखी रंगलं. हॉटेलमालक जोइंटन स्मिथने पैसा ओतला आणि युनियनच्या ऑस्ट्रेलियन संघातले चौदा जण फोडले, एकेकाला २०० पौंडांपर्यंत देऊन. लीगचा आणि फुटलेल्यांचा सामना ही मोठी कमाई. १९०९ चा साउथ सिडनी विरुद्ध बालमेन हा अंतिम सामना त्या दिवशी त्याच्या आधीचं तोंडीलावणं म्हणून ठेवला. बालमेनचे लोक म्हणाले, आमचा अंतिम सामना कुणाच्या तमाशाआधीची बतावणी नाही. ते मैदानात उतरलेच नाहीत. साउथ सिडनीचे उतरले. समोर कुणीही नसताना त्यांनी चेंडू लाथाडला, स्वतःच उचलला, पळत जाऊन रेषेपलीकडे टेकवला आणि अजिंक्यपद घेतलं. इथे हा किस्सा हसत हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखं फारसं दिसत नाही. खाड्याच्या भरपाईसाठी सुरू झालेल्या लढ्यात, दोनच वर्षांत, गोदीवाल्यांच्या क्लबला सांगितलं जात होतं की तुमचा सामना गौण आहे, खरा पैसा मागून येतोय.

बालमेन बरोबर होतं असं माझं मत आहे. साउथ सिडनीच्या समर्थकाशी मी यावर वाद घालायलाही तयार आहे, आणि ऑफिसात घातलाही आहे.

यावरून आपल्याकडचे "पैसा आला की खेळ बिघडतो" म्हणणारे लगेच मान डोलावतील. मला तसं म्हणायचं नाही. स्मिथने तो पैसा आणला नसता तर लीग १९०९ मध्येच बुडाली असती, हेही तितकंच खरं. त्या चौदा जणांनंतर सिडनीत प्रेक्षक लीगकडे वळले आणि आजही तिथेच आहेत. अडचण पैशात नव्हती. कुठला खर्च आधी करायचा हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं आणि वही कुणी उघडी ठेवली नव्हती, अडचण ती होती. हौशीपणाच्या नावाखाली युनियनने वही झाकली, बंडाच्या नावाखाली लीगने. बर्डनला दोन्हीकडे एकच गोष्ट हवी होती: हात मोडला तर दुकान बंद असताना घर कसं चालेल?

आणि हा प्रश्न मुंबईत अजून मैदानातच पडून आहे. प्रो कबड्डी २०१४ पासून आली, लिलाव होतात, वरच्या काही जणांचं भलं झालं, आनंद आहे. पण वर्षभर चालणाऱ्या शेकडो स्थानिक स्पर्धांत खेळणारा पोरगा त्या लिलावात नसतो. एकेकाळी त्याच्यासाठी आपण एक अर्धवट उत्तर शोधलं होतं, नोकरी. बँक, रेल्वे, तेल कंपनी, विमान कंपनी यांच्या संघात घ्यायचं, हजेरी लावायची आणि सरावाला सोडायचं. आपल्या स्पर्धांत त्या गटाला आपण चक्क "व्यावसायिक गट" म्हणतो, आणि ते नाव प्रामाणिक आहे. तो खाड्याचाच पगार होता, मागच्या दाराने दिलेला. पण तशा नोकऱ्या आटल्या. आता पोरगा सामान पोचवण्याच्या अ‍ॅपवर काम करतो. तिथे तर खाडा हा शब्दसुद्धा नाही, अ‍ॅप बंद ठेवलं की संपलं. त्याचा गुडघा गेला तर आजही टॅक्सी आणि टाळ्या.

माझी मागणी साधी आहे आणि ती मंडळांना आवडणार नाही. ज्या स्पर्धेत प्रायोजकाचा फलक लागतो, तिथे खर्चाची पहिली ओळ खेळाडूंच्या विम्याची आणि खाडाभरपाईची असावी. मंडप, आवाजाच्या भिंती, पाहुण्यांच्या शाली, मोटारसायकल हे सगळं त्याखाली. आणि स्पर्धा संपल्यावर आठवड्याभरात जमाखर्च त्याच फलकाच्या जागी चिकटवावा. "छोट्या मंडळाला कसं परवडेल" असं मला दर वेळी विचारतात. बहुतेक स्पर्धांच्या पत्रिकेवरची एकूण बक्षिसांची रक्कम बघा. तेवढी जमते, म्हणजे जमवता येते. प्रथम क्रमांकाचं बक्षीस निम्मं केलं म्हणून संघ यायचे थांबणार नाहीत. आम्ही चाळीतले संघ ढालीसाठी आणि शेजारच्या चाळीला हरवण्यासाठी खेळायचो.

मोठ्या संघटनेने हे बंधनकारक करावं, नाहीतर मान्यता देऊ नये. यात क्रांती वगैरे काही नाही. हडर्सफील्डच्या हॉटेलात १८९५ साली ठरलं त्याच्याइतकंही हे नाही. ते तर न जखमी झालेल्यालाही दिवसाचे सहा शिलिंग देत होते.

परवा दादाला व्हिडिओ कॉल केला. आता पन्नाशी उलटली आहे, जिना चढताना उजवा पाय ओढतो. पोराची जर्सी दाखवली, निळी-पिवळी, दोन मापं मोठी घेतलेली. अर्जातला विम्याचा परिच्छेदही त्याला मराठीत सांगितला. दवाखान्याचं काय, दातांचं काय, हाड मोडलं तर काय. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"चांगलंय," तो म्हणाला. "आणि पोराला दवाखान्यात घेऊन तू बसशील, त्या दिवसाचं काय लिहिलंय?"

मी अर्ज पुन्हा उघडला.